पुस्तके कुणाच्या कपाटात ठेवायची? सोलापूरचे जिल्हाधिकारी आणि शहरातील मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
आणि सोलापूर शहरातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक

विषय : व्यसनी पालकांच्या मुलांकडे शाळा, रुग्णालय आणि बाल संरक्षण यंत्रणेने वेळीच लक्ष देण्याबाबत.

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात माझा नऊ वर्षांचा भाचा मला पूर्व भागातल्या एका देशी दारूच्या दुकानासमोर दिसला. अंगावर शाळेचा गणवेश होता, पाठीला दप्तर होते आणि पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या गर्दीत तो त्यांच्या कमरेपर्यंतच पोहोचत होता. त्याने फळीवर पैसे ठेवले, आतल्या माणसाने क्वार्टर दिली, ती त्याने दप्तरात वह्यांच्या मध्ये नीट उभी ठेवली आणि चेन ओढून तो चालू लागला. मी हाक मारली तेव्हा तो दचकला नाही. "आत्या, पप्पांना बरं नाही," एवढेच म्हणाला. हे वाक्य मला चांगले ओळखीचे आहे, कारण तीस वर्षांपूर्वी, याच वयात, याच भागात, तेच वाक्य मी माझ्या वर्गशिक्षिकेला सांगत असे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील आधी गिरणीत कामाला होते. ज्या शहरात 1877 साली पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे भोंग्यावर ज्याचे घड्याळ चालले, त्या सोलापुरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा हजारो कामगारांप्रमाणे तेही यंत्रमागावर गेले. तिथे बारा तासांची पाळी, आठवड्याला पगार आणि पाळी सुटल्यावर वाटेत शिंदीचे दुकान. शिंदीवरून देशीवर आणि हात आखडला की पिशवीतल्या हातभट्टीवर, असा त्यांचा प्रवास झाला. आई विड्या वळत असे. पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. दिवसभर मान मोडून सात-आठशे विड्या व्हायच्या, त्यातल्या काही कारखान्यात नापास व्हायच्या आणि उरलेल्यांची मजुरी हातात पडेपर्यंत ती कुणाच्या तरी उधारीत गेलेली असायची. गरिबी आमच्या गल्लीत सगळ्यांकडे होती, तिची लाज आम्हाला कधी वाटली नाही. लाज वाटायची ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती लाज लपवण्यात माझे बालपण खर्ची पडले.

व्यसनी माणसाच्या घरातले मूल फार लवकर शहाणे होते, असे लोक कौतुकाने म्हणतात. ते शहाणपण कशाचे असते, हे सांगणे मला आवश्यक वाटते. जिन्यावरच्या चपलेच्या आवाजावरून आज किती झाली आहे हे ओळखणे, पगाराच्या संध्याकाळी आईने डब्यात लपवलेली नाणी दुसरीकडे हलवणे, धाकट्यांना वेळेआधी झोपवणे, शेजाऱ्यांनी विचारलेच तर काय सांगायचे ते ठरवून ठेवणे. या कामांत मुलाचे डोके रात्रंदिवस गुंतलेले असते, आणि त्याच डोक्याने त्याला दुसऱ्या दिवशी अपूर्णांक सोडवायचे असतात. शाळेत तेच मूल 'लक्ष नसलेले' ठरते.

चौथीत असताना वडिलांनी माझी पुस्तके रद्दीत घातली. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी मी शाळेत पुस्तके हरवल्याचे सांगितले आणि आधी सांगितलेलेच खोटे पुन्हा सांगताना माझा आवाज अडकला. बाईंनी वर्गात काहीही विचारले नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी मला वर्गाच्या मागचे लाकडी कपाट उघडून दाखवले आणि म्हणाल्या, "तुझी पुस्तकं आजपासून इथं राहतील. लागेल तेवढं एकच घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं." जुन्या पुस्तकांचा एक संच त्यांनी कुठूनसा मिळवला होता. घरी काय चालले आहे, हे त्यांना कळले होते, हे मला कळले आणि त्या दिवसापासून खोटे बोलावे लागणारे एक ठिकाण कमी झाले. बाईंनी यापेक्षा जास्त काही केले नाही, आणि जे केले ते पुढची तीन वर्षे, एकही दिवस न चुकता केले.

शेजारी एक तेलुगू कुटुंब होते. घरात भांडी पडू लागली की आम्ही तिघे भावंडे पायऱ्यांवर जाऊन बसायचो, आणि त्या घरातल्या अक्का दार उघडून "रा बिड्डा" (ये बाळा) एवढेच म्हणायच्या. त्यांच्या ओसरीवर आमच्यासाठी एक चटई कायम गुंडाळलेली असे. विडी कारखान्याच्या आमच्या शाखेतले कारकून होते. वडील आईच्या नावावर उचल मागायला गेले तेव्हा त्यांनी "ज्या हातानं विडी वळली त्याच हातात पैसे जातील," असे सांगून त्यांना परत पाठवले, आणि तो नियम अखेरपर्यंत पाळला. आमच्या घरात चूल पेटत राहिली ती बहुतेक त्यामुळेच.

आणि एक माणूस होता ज्याचा त्या दिवशी मी मनापासून तिरस्कार केला. दारूच्या दुकानावर नवा आलेला तो नोकर. माझ्या हातातले पैसे त्याने परत केले आणि म्हणाला, "पोरीच्या हातात देणार नाही. बापाला पाठव." रिकाम्या हाताने घरी गेल्याबद्दल मी मार खाल्ला. पण वडिलांना स्वतः जावे लागले, आणि नंतर त्यांनी मला कधीही पाठवले नाही. कायद्याने जे करणे बंधनकारक आहे ते करणारा माझ्या बालपणातला तो एकमेव माणूस, आणि त्याला तो कायदा माहीत असण्याची शक्यता फार कमी आहे.

मी आज हिशेबनीस म्हणून नोकरी करते, माझे स्वतःचे घर आहे, आणि मी या घरापर्यंत पोहोचले ती या चार माणसांमुळे. हे मी नम्रतेपोटी म्हणत नाही, मला ते शब्दशः म्हणायचे आहे, आणि त्याचा पुरावा माझा मोठा भाऊ आहे.

तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता. पाढे तो मला झोपेत शिकवायचा. त्याची पुस्तकेही रद्दीत गेली, पण त्याच्या वर्गात कपाट उघडणारे कुणी नव्हते; तिथे पुस्तक नसेल तर बाहेर उभे राहायचे, असा नियम होता. तो बाहेर उभा राहू लागला, मग शाळेच्या बाहेर राहू लागला, आणि चौदाव्या वर्षी यंत्रमागावर कांड्या भरायला गेला. दहावीला मला चांगले गुण मिळाले तेव्हा एका वृत्तपत्राचे प्रतिनिधी आमच्या घरी आले. आई, मी आणि पेढ्याचा पुडा असा फोटो काढताना त्यांनी भावाला जरा बाजूला व्हायला सांगितले. तो दाराआड गेला. दुसऱ्या दिवशी बातमीत माझ्या 'जिद्दी'बद्दल लिहून आले. जिद्द त्याच्यातही होती. आमच्या फीचे आणि परीक्षेचे पैसे त्याच्याच कांड्यांमधून आले होते. माझा भाचा त्याचाच मुलगा आहे.

दर वर्षी निकालाच्या दिवसांत अशा बातम्या मी वाचते, आणि त्या मुलांचा मला अभिमानही वाटतो. पण एका मुलाने परिस्थितीवर मात केली, असे आपण लिहितो तेव्हा जे करू शकले नाहीत त्यांच्यात काहीतरी कमी होते, असे नकळत सुचवतो, आणि मग शाळेने, रुग्णालयाने, प्रशासनाने काय करायला हवे होते हा प्रश्नच उरत नाही. मला चार माणसे योगायोगाने भेटली. नऊ वर्षांच्या मुलाचे आयुष्य अशा योगायोगावर सोडू नये, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

आता रुग्णालयाबद्दल. मी अकरा वर्षांची असताना वडिलांनी आषाढीला पंढरपुरात तुळशीची माळ घातली आणि दारू सोडली. आईने त्या दिवशी पुरणपोळी केली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले, घामाने अंथरूण भिजले. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, ते आम्हाला ओळखेनात, आणि पहाटे त्यांना फिट आली. गल्लीत कुणी करणी म्हटले, कुणी माळेचा कोप म्हटले. देवऋषी झाला, लिंबू-नारळ झाले आणि मग चौथ्या दिवशी आम्ही रुग्णालयात पोहोचलो. अनेक वर्षे भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर पहिल्या-दुसऱ्या दिवसात कंप आणि फिट, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, उपचार न झाल्यास माणूस दगावूही शकतो, आणि म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे देऊनच सोडवावी लागते, ही वैद्यकशास्त्राला कित्येक वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट आहे. आमच्या घराला ती कुणी सांगितली नाही. वडील जगले, पण घाबरून पुन्हा प्यायला लागले, आणि आईने, वडील जाईपर्यंत, त्यांनी देवाची माळ मोडली हेच त्यांच्या दुर्दैवाचे कारण मानले. पुढे पोटात पाणी होऊन ते गेले तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते.

त्या रुग्णालयात मी पाच दिवस त्यांच्या खाटेशेजारी बसून होते. सलाइन संपत आले की परिचारिकेला सांगायला धावत होते. डॉक्टर येत, जात, किती पीत होते हे आईला विचारत. अकरा वर्षांची मुलगी कामाच्या दिवशी शाळेत का नाही, घरी आणखी किती मुले आहेत, ती काय खातात, हे त्या पाच दिवसांत एकाही माणसाने विचारले नाही. मी त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तसे विचारावे, असे त्यांच्या कागदावर लिहिलेलेच नव्हते.

जिल्हाधिकारी महोदय, माझी आपल्याला पहिली विनंती या कागदाबद्दलच आहे. दारूच्या आजारासाठी जिल्ह्यातल्या कोणत्याही शासकीय रुग्णालयात पालक दाखल झाला की त्याच्या केसपेपरवर घरातल्या अठरा वर्षांखालील मुलांची संख्या, वय आणि शाळा नोंदवली जावी, आणि ती माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावी. बाल न्याय अधिनियमात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर या कक्षाच्या आणि बाल कल्याण समितीच्या कामावर देखरेख करण्याची जबाबदारी कायद्याने जिल्हादंडाधिकारी म्हणून आपल्याकडे आहे. पालक काळजी घेण्यास असमर्थ असल्याचे आढळले, तर ते मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' या व्याख्येत येते, हे बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये स्पष्ट आहे. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. आमच्या घरात "बाहेर सांगितलंस तर तुला रिमांड होमला नेतील," ही धमकी होती, आणि आजही पूर्व भागातल्या घराघरांत ती आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे तत्त्व त्याच कायद्यात आहे. ते मुलांना आणि आयांना कुणी समजावून सांगत नाही. चौकशीला येणारा माणूस मुलाला न्यायला आलेला नाही, हे जोपर्यंत लोकांच्या मनात ठसत नाही तोपर्यंत मुलांसाठीचा 1098 हा मदत क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असला तरी कुणी फिरवणार नाही.

दुसरी विनंती दुकानांबद्दल आहे. आपल्या राज्यात मद्य पिण्यासाठी किमान वय 25 आहे, बिअर आणि वाईनसाठी 21. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 नुसार मुलाला मद्य देणाऱ्यास, आणि कलम 78 नुसार मद्य नेण्या-आणण्यासाठी मुलाचा वापर करणाऱ्यास, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यात एक गुंता आहे, तो मी लपवणार नाही. या कलमांचा आधार घेतला तर भाच्याला पाठवणारा माझा भाऊही गुन्हेगार ठरतो, आणि मुले गप्प बसतात ती याच भीतीने. वडिलांना तुरुंगात पाठवणारे मूल व्हायला कुणालाच नको असते. माझे मत असे आहे की प्रशासनाने आपले सगळे बळ फळीच्या आत उभ्या असलेल्या माणसावर लावावे आणि बाहेर उभ्या असलेल्या आजारी माणसाला मनोविकार विभागाकडे पाठवावे. उत्पादन शुल्क विभागाने परवानाधारक दुकानांना या कलमांचा मजकूर ठळक मराठीत लावायला लावावा, आणि मुलाच्या हाती बाटली दिल्याचे सिद्ध झाले तर त्या परवान्यावर कारवाई व्हावी. असे दोन परवाने जरी गेले तरी एखादा नोकर "बापाला पाठव" म्हणायला शिकेल.

या जिल्ह्याला हे अशक्य आहे, असे मी मानत नाही. 2021 मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले, तेव्हा मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी केवळ भट्ट्या फोडून न थांबता, भट्टी लावणाऱ्या घराची चूल उद्या कशावर पेटेल, याचा विचार झाला. दारू गाळणाऱ्याच्या पोटाचा विचार ज्या प्रशासनाने केला, ते पिणाऱ्याच्या मुलांचाही करू शकते. आणि आणखी मागे जायचे तर, 12 जानेवारीला आपण ज्या चार हुतात्म्यांना अभिवादन करतो, त्यांच्या बलिदानापर्यंत गेलेला 1930 सालचा तो संघर्ष पेटला तेव्हा, 8 मे रोजी, सोलापूरकर रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला निघाले होते. दारूचा प्रश्न हा या शहरात कधीही एखाद्या घराचा खासगी मामला नव्हता.

मुख्याध्यापक महोदय आणि महोदया, आपल्याकडे मी नवी समिती, नवे रजिस्टर किंवा नवा फलक मागत नाही. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी, असा शासन निर्णय मार्च 2022 मध्ये निघाला आहे. शाळाबाह्य मुलांसाठी बालरक्षक शिक्षकांची कल्पनाही शिक्षण विभागाने राबवली आहे. त्यांच्याच कामात हे बसते. हजेरीपटाकडे एका वेगळ्या नजरेने पाहा, एवढेच सांगते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी न येणारे मूल, पहिल्या तासाला झोपणारे मूल, वह्या वारंवार 'हरवणारे' मूल, पालकसभेला नेहमी आजीच येते असे मूल: ही नावे शिक्षकांना आजही पाठ असतील. त्या मुलाला वर्गात उभे करून विचारू नका. घरी जाऊन वडिलांना सुनावूही नका, कारण तुम्ही निघून गेल्यावर त्याची किंमत रात्री त्या मुलालाच मोजावी लागते. त्याची पुस्तके शाळेत ठेवण्याची सोय करा, सकाळी अर्धा तास आधी वर्ग उघडा, पोषण आहारात त्याच्या ताटात न बोलता एक वाढप जास्त पडू द्या. आईला एकटीला बोलवा आणि व्यसनमुक्तीसाठीचा 14446 हा राष्ट्रीय मदत क्रमांक तिच्या हाती द्या. आणि दारू एकदम बंद करायची नसते, दवाखान्यात नेऊन सोडवायची असते, हे वाक्य तिला नक्की सांगा.

आणि शक्य असेल तिथे संध्याकाळी एक वर्ग दहा वाजेपर्यंत उघडा ठेवा. दिवा, पंखा, पिण्याचे पाणी आणि दाराशी एक विश्वासाचे माणूस, बस्स. विडीच्या पानांनी आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे कोणत्याही क्षणी दार लाथेने उघडू शकते, तिथे मूल अभ्यास करू शकत नाही. महापालिकेच्या शाळांच्या इमारती त्याच गल्ल्यांमध्ये आहेत आणि संध्याकाळी त्यांना कुलूप असते.

मी या पत्राखाली माझे नाव लिहिलेले नाही. आई अजून त्याच गल्लीत राहते, आणि तिने मला तसे सांगितले आहे. इतक्या वर्षांनंतरही तिला घराच्या अब्रूची काळजी आहे, आणि तिचा शब्द मी मोडू शकत नाही. पण या पत्राची सही केलेली प्रत, माझ्या पत्त्यासह, मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात स्वतः देत आहे, आणि बोलावल्यास हवे तेव्हा समक्ष येईन.

भाऊ उपचार घ्यायला अजून तयार नाही. मी त्याच्याशी बोलते आहे. तो ऐकतो, मान खाली घालतो, आणि पगाराच्या दिवशी पुन्हा जातो. भाच्याची पुस्तके सध्या माझ्या घरी, माझ्या कपाटात आहेत. पण माझे घर त्याच्यापासून चार किलोमीटर आहे आणि तो रोज येऊ शकत नाही. त्याच्या शाळेत कपाट आहे का, हे विचारायला मी सोमवारी जाणार आहे.

आपली विश्वासू,
विडी कामगार आईची आणि यंत्रमाग कामगार वडिलांची मुलगी,
पूर्व भाग, सोलापूर